नवा इनटेक होज, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळा दिवा

कोड पुसायचा, क्लॅम्प आवळायचा, दोन दिवस मजेत गाडी फिरवायची आणि तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर पुन्हा तोच पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा. फिल्टरपासून इंजिनाकडे हवा नेणारा, कंपनी फिटिंगचा रबरी इनटेक पाइप काढून मी सिलिकॉनचा होज बसवला, त्यानंतर हे चार वेळा झालं. स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड दर वेळी एकच, पी०१७१. मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. (व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूचा पी०१७४ बहुधा सोबत येतो.) दर वेळी मी क्लॅम्पला दोष दिला. क्लॅम्प बिचारा घट्टच होता.

होज बसवल्या बसवल्या दिवा लागला तर शोधणं सोपं असतं, काहीतरी जोडायचं राहिलेलं असतं. दुरुस्त झाल्यासारखं वाटून जो पुन्हा लागतो, तो डोकं खातो. हे त्याच्याबद्दल आहे.

हवा मोजली कुठे, शिरली कुठे

फिल्टरच्या लगेच पुढे मॅफ सेन्सर असतो, आत जाणारी हवा मोजणारा. त्यात तापवलेली बारीक तार किंवा पातळ फिल्म असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि तिला ठरलेल्या तापमानावर टिकवायला किती करंट लागला यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं की किती ग्रॅम हवा आत गेली. त्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं, वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. आता सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) यांच्या मधे कुठे फट असेल, तर तिथून शिरलेल्या हवेची नोंदच होत नाही. पेट्रोल कमी पडतं, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि वाढवायची मर्यादा संपली की दिवा लावतो. पहिल्या पिढीतल्या १.६ लिटर माझ्दा एमएक्स-५ सारख्या जुन्या गाड्यांत तारेऐवजी हवेच्या झोताने उघडणारी झडप असते. नियम तोच.

काही गाड्यांत मॅफ नसतोच. मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब आणि हवेचं तापमान पाहून ईसीयू अंदाज बांधतो. अशा गाडीत होजच्या फटीमुळे हा कोड येणार नाही, पण न गाळलेली धूळ सरळ इंजिनात जाईल. मला विचाराल तर हे जास्त वाईट, कारण सांगायला दिवासुद्धा नाही.

टर्बो असेल तर फट कुठल्या बाजूला आहे ते महत्त्वाचं. फिल्टर ते टर्बो हा भाग खेचणारा, तिथली फट बाहेरची हवा आत घेते. टर्बोनंतरचा भाग दाबाखाली असतो, तिथली फट मोजलेली हवा बाहेर सोडते. म्हणजे उलटं होतं: मिश्रण जाड, पिकअप मेलेला, कधी काळा धूर आणि बूस्ट (टर्बोचा दाब) कमी असल्याचा कोड पी०२९९. इथे जे लिहितोय ते खेचणाऱ्या बाजूबद्दल.

दोन दिवस बरं का वाटतं

माझा सगळ्यात जास्त वेळ याच गैरसमजात गेला. कोड पुसला की ईसीयूने आतापर्यंत शिकलेली दुरुस्तीही पुसली जाते आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडायचं, याचा शिकलेला आकडा) शून्यावर येतो. तो पुन्हा चढायला वेळ लागतो. शिवाय मिश्रणाचा हा दोष एकदा दिसला म्हणून दिवा लागत नाही. बहुतेक गाड्यांत तो एका फेरीत (इंजिन सुरू करून बंद करेपर्यंत) दिसला की आधी पेंडिंग कोड म्हणून नोंदला जातो, आणि पुढच्या फेरीत परत दिसला तरच दिवा लागतो. म्हणजे मी जे दोन दिवस ‘झालं काम’ म्हणून खूश होतो, त्या दोन दिवसांत गाडी तशीच आजारी होती, फक्त बोलत नव्हती.

त्यामुळे काहीही दुरुस्ती केली की दिव्याची वाट बघत बसू नका. दुसऱ्याच दिवशी स्कॅनर लावून पेंडिंग कोड बघा आणि ट्रिमचे आकडे वाचा. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं ॲप एवढं पुरतं.

ट्रिमचे आकडे कसे वाचायचे

शॉर्ट टर्म (त्या क्षणाची दुरुस्ती) आणि लाँग टर्म, दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. शून्याच्या आसपास, अधिक-उणे ५ टक्के असेल तर सगळं ठीक. १० पर्यंत फार काळजी नाही. बेरीज २० ते २५ च्या पुढे टिकून राहिली की बऱ्याच गाड्या दिवा लावतात.

सगळीकडे एक नियम सांगितला जातो: आयडलिंगला ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर हवेची गळती. हा नियम थ्रॉटलनंतरच्या गळतीचा, म्हणजे मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम नळीचा. तिथे आयडलिंगला ओढ जबरदस्त असते आणि इंजिनात जाणारी एकूण हवा थोडी, म्हणून चोरटी हवा मोठी दिसते. इनटेक होज मात्र थ्रॉटलच्या अलीकडे आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद, त्यामुळे होजच्या आतला दाब बाहेरच्या दाबाएवढाच. फट असली तरी तिथून फारसं काही खेचलं जात नाही. ट्रिम वाढतो तो हवा जोरात वाहायला लागल्यावर.

माझे आकडे असे होते: आयडलिंगला अधिक ४, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला अधिक ५, आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढावर अधिक १७. उभ्या गाडीत रेस देऊन काही नाही, रस्त्यावर लोड आला की उडी. हे पेट्रोल पंप कमजोर असल्यासारखंही दिसतं, आणि मी पंपापर्यंत जाऊन आलोही. पण पंप होज बदलल्याच्याच दिवशी कसा काय थकेल?

म्हणून पहिली चाचणी सगळ्यात कंटाळवाणी असली तरी करा. कंपनीचा जुना पाइप परत लावा, कोड पुसा आणि तीन-चार दिवस चालवा. ट्रिम खाली आला तर दोष नव्या होजच्या जोडणीत आहे. नाही आला, तर होजला सोडा आणि दुसरीकडे बघा. जुना पाइप फेकून दिला असेल तर इथेच तुमचं अर्धं काम वाढलं.

पांढरी रेघ

जुना पाइप लावून ट्रिम ३ वर आला, तेव्हा गुन्हेगार कळला. पण गळती कुठे आहे ते सापडेना. स्मोक टेस्ट (पाइपमध्ये धूर भरून गळती शोधणं) करून घेतली, धुराची रेघसुद्धा कुठून बाहेर आली नाही. साबणाचं पाणी मारलं, काही नाही. क्लॅम्प हलवून पाहिले, घट्ट.

मग थ्रॉटल बॉडीच्या नळीवर, होजची कड जिथे संपते तिथे, टायरवर लिहायच्या पांढऱ्या मार्करने रेघ मारली. अशीच एक रेघ मॅफच्या बाजूला. थंड इंजिनावर, सगळं पुसून कोरडं करून. मग अर्धा तास गाडी चालवली, त्यात मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये दोन-चार वेळा पूर्ण थ्रॉटल दिला आणि पाय सोडून गाडी तशीच उतरू दिली. परत आल्यावर बॉनेट उघडून बघितलं. मॅफकडची रेघ जागेवर. थ्रॉटलकडे वरच्या बाजूला रेघ आणि होजची कड यांच्यात चार मिलिमीटरचं काळं अॅल्युमिनियम दिसत होतं. खालच्या बाजूला कड जागच्या जागी. होज सरळ सरकला नव्हता, तोंड वासल्यासारखा वरून उचकटला होता.

कारण समजायला मित्राला गाडीत बसवलं, न्यूट्रलमध्ये दोन-तीन झटके द्यायला सांगितले आणि बाजूला उभं राहून फोनवर शूटिंग केलं. (गाडीच्या समोर उभे राहू नका आणि बाही फॅनपासून लांब ठेवा.) इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं. प्रत्येक झटक्याला त्याचा माथा बोटभर हलतो. थ्रॉटल बॉडी इंजिनासोबत हलते, फिल्टरची पेटी बॉडीला बोल्टने आवळलेली असते. या दोघांच्या मधली हालचाल खायची कुणी? कंपनीच्या पाइपमध्ये भात्यासारख्या घड्या असतात, त्या खातात. माझ्या सुबक, गुळगुळीत, लालभडक होजला एकही घडी नव्हती. लोडखाली इंजिन एका बाजूला कलतं, पाय सोडला की उलट. दर वेळी होजला एक हिसका. उभ्या गाडीत मात्र सगळं आपल्या जागी येऊन बसायचं, फट मिटायची आणि स्मोक टेस्ट पास व्हायची.

आणि एक कबुली. होज थोडा लांब आला होता, बसवल्यावर किंचित फुगायचा. ते बरं दिसेना म्हणून मीच ब्लेडने एक सेंटिमीटर कापला होता. ताठ बसला, फोटो छान आला. त्या एका सेंटिमीटरने पुढचे दोन महिने खाल्ले.

मग काय केलं

कापलेला होज वाढवता येत नाही, त्यामुळे थ्रॉटलच्या बाजूला मधे फुगवटा असलेला सिलिकॉन कपलर (जोडणारा छोटा तुकडा) घातला आणि उरलेल्या जागेत अॅल्युमिनियमचा पाइप. तो फुगवटा घडीचं काम करतो. पाइपला बॉडीवर एका रबरी बुशच्या ब्रॅकेटने आधार दिला, म्हणजे त्याचं वजन थ्रॉटल बॉडीवर लोंबकळत नाही. तुमच्याकडे अजून न कापलेला होज असेल तर कापू नका. बसवताना तो दोन्ही बाजूंना सैलसर, जरासा दाबून बसला पाहिजे. ताणून बसवलेला होज आज ना उद्या निघतोच.

नळीवर होज किमान अडीच-तीन सेंटिमीटर चढला पाहिजे. नळीच्या टोकाला उठावदार कंगोरा असतो. क्लॅम्प त्या कंगोऱ्याच्या मागे बसवायचा, कंगोऱ्यावर नाही आणि होजच्या अगदी कडेलाही नाही. अॅल्युमिनियमचा पाइप कापून वापरला असेल तर कापलेल्या टोकाला कंगोरा राहत नाही, तो करून घ्यावा लागतो. नुसत्या गुळगुळीत नळीवर सिलिकॉन क्लॅम्पसकट सरकतं.

क्लॅम्पबद्दल. खाचा पाडलेल्या पट्टीचा साधा क्लॅम्प रबरी पाइपला चालतो. सिलिकॉन मऊ, ते आवळताना त्या खाचांतून वर येतं आणि काही दिवसांत तिथे बारीक चिरा पडतात. आतून अखंड पट्टी असलेला क्लॅम्प घ्या, किंवा टी-बोल्टचा. जास्त आवळू नका. सिलिकॉन पट्टीच्या दोन्ही बाजूंनी गादीसारखं फुगायला लागलं की पुरे झालं, त्यापुढचा प्रत्येक फेरा नुकसानीचा. मॅफचं घर प्लास्टिकचं असतं, त्या बाजूला तर हात फारच हलका ठेवा. ते लंबगोल झालं की गळती कायमची. पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झालं की सिलिकॉन बसतं आणि थोडी ढील पडते. तेव्हा एकदा आवळा, बस. दर आठवड्याला आवळावं लागत असेल तर दोष क्लॅम्पचा नाही.

होज चढत नाही म्हणून लोक जे मिळेल ते लावतात. मी डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे मारला होता. सहज चढला, आणि तितक्याच सहज उतरत होता, कारण तो थर कधी वाळतच नाही. वर अशा स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं, जे आत गेलं तर ऑक्सिजन सेन्सरला विषासारखं. साबणाचं पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ते उडून जातं आणि पकड राहते. आधी नळीवरचा तेलाचा ओशटपणा पुसून काढा. फटीवर सीलंट थापायचा मोह झाला तरी आवरा. सीलंटने उचकटणारं तोंड बंद होत नाही, आणि डब्यावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं नसेल तर त्याची वाफही सेन्सरला मारते.

रेघा स्थिर, तरीही दिवा?

मग बारीक नळ्यांकडे वळा. कंपनीच्या पाइपला बाजूने निपल (नळ्या जोडायची छोटी तोंडं) असतात: क्रँककेस ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटाला श्वास देणारी नळी, जुन्या गाड्यांत आयडल कंट्रोलची नळी, टर्बो असेल तर रिसर्क्युलेशन व्हॉल्व्हची (पाय सोडल्यावर जास्तीचा दाब परत फिरवणाऱ्या झडपेची) परतीची नळी. नव्या होजवर हे निपल एखादा कमी असतो किंवा वेगळ्या मापाचा असतो. ब्रीदर मोकळा सोडून त्याला छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. दिसतं छान, पण त्या नळीतून क्रँककेसमध्ये जी हवा जाते आणि पीसीव्हीतून (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणाऱ्या झडपेतून) मॅनिफोल्डमध्ये येते, ती आता न मोजलेली असते. ही गळती आयडलिंगलाच दिसते. इंजिन जास्त आरपीएमवर आयडल करतं, कधी त्याचाच कोड पी०५०७ येतो. उपाय एकच, नळी मॅफनंतरच्या भागात परत जोडा.

वरच्या आरपीएमला गाडी अचानक गळा आवळल्यासारखी होते आणि पाय सोडला की ठीक, असं होत असेल तर होज आतल्या ओढीने चपटा होतोय का ते बघा. बॉनेट उघडेपर्यंत तो पुन्हा गोल झालेला असतो, म्हणून कुणाला पटत नाही. हाताने दाबून बघा. तापलेल्या इंजिनावर अंगठ्याने सहज चेपला जात असेल तर खेचणाऱ्या बाजूला तो चालणार नाही. आत स्टीलच्या तारेची गुंडाळी असलेला किंवा जास्त थरांचा घ्या. ब्रीदरमधून तेलाची वाफ सतत येत असेल तर साधं सिलिकॉन तेल शोषून मऊ पडतं, तिथे आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेला होज लागतो.

मॅफ स्वतःही चुकीचं सांगू शकतो. त्याच्या घरावर बाण असतो, हवेच्या दिशेने. उलटा बसवलेला एक मी पाहिला आहे, आणि मालक इंजेक्टर बदलायच्या तयारीत होता. तेल लावायचा फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं असेल तर ते तारेवर चिकटतं. फक्त मॅफसाठी बनवलेल्या क्लीनरने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. कार्ब्युरेटर क्लीनर नको, बोट तर नकोच. सेन्सरच्या तोंडाशीच वळण असलेला पाइप आला असेल किंवा त्या जागेचा व्यास कंपनीपेक्षा मोठा असेल, तर एकही फट नसताना ट्रिम बिघडतो, कारण ईसीयूचा हिशोब मूळ व्यासाचा आहे. असं झालं तर मूळ मापाचं मॅफचं घर परत आणा किंवा ट्यूनिंग करून घ्या. क्लॅम्प आवळून ते जाणार नाही.

आणि पाइप उघडा असताना आत धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं काढलंत ना? हसू नका.

दिवा सहन करत गाडी चालवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक गाड्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून दुरुस्ती करणं थांबवतात आणि मॅफवर विश्वास ठेवतात. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही गाडी दामटता, त्याच क्षणी होजचं तोंड उघडतं, मिश्रण पातळ होतं आणि सांभाळून घ्यायला कुणी नसतं. लोडखाली पातळ मिश्रण म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके), आणि नॉकिंग पिस्टन खातं. कारण सापडेपर्यंत पाय हलका ठेवा.

माझ्या गाडीवर आता दोन्ही रेघा जागेवर आहेत, चढावरचा ट्रिम अधिक ३. रेस दिली की पुढून घोगरा, घशातून आल्यासारखा आवाज येतो. तो बिघाड नाही. कंपनीच्या पाइपला चिकटलेले आवाज दाबणारे डबे गेले म्हणून तो ऐकू येतो. मात्र त्या घोगऱ्या आवाजात लोडखाली बारीक शीळ मिसळायला लागली, तर मार्कर घेऊन पुन्हा बॉनेट उघडा.